सेट म्हणजे शंभरावा पीस

आवडाबाईंच्या मते पोरगी सेट झाली म्हणजे तिचं लग्न ठरलं. पोरगा सेट झाला म्हणजे त्याला नोकरी लागली, आणि घर सेट झालं म्हणजे दोन्ही झालं. हा शब्द इंग्रजी आहे असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. त्यांच्या लेखी तो मीठ-मिरचीइतकाच घरचा होता. त्यांची थोरली लेक सायली चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला होती आणि यंदा तिला सत्ताविसावं लागलं होतं. "तू एकदाची सेट झालीस की मी मोकळी," हे वाक्य आवडाबाई दिवसातून दोनदा म्हणत. एकदा तिचा डबा भरताना आणि एकदा तोच डबा घासायला घेताना.

छावणीतल्या त्या दोन खोल्यांत माणसं चार होती आणि ह्या एका शब्दाचे अर्थ मात्र डझनभर नांदत होते. धाकटा सार्थक दोन वर्षं सेटचा अभ्यास करत होता. त्याची सेट म्हणजे प्राध्यापक होण्याची परीक्षा, आणि ती दोनदा 'राहिली' होती. तोच सार्थक सकाळी क्रांती चौकाजवळच्या जिममध्ये जाऊन दंडाचे तीन सेट मारायचा आणि येताना न्हाव्याकडं दाढी सेट करून यायचा. अधूनमधून येणाऱ्या मावशीला सेट म्हटलं की गळ्यातलं, कानातलं आणि बांगड्या असं सगळं एकाच डबीत दिसायचं. वडील बद्रीनाथ मोंढ्यात आडतीच्या दुकानावर होते. त्यांनी ह्या शब्दाला शेपूट लावून तो आपलासा केला होता. त्यांच्या जगात सेटिंगशिवाय पान हलत नव्हतं. दवाखान्यात खाट हवी, लावा सेटिंग. लग्नाला हॉल हवा, लावा सेटिंग. इंग्रजांनी हा शब्द इथं सोडला तेव्हा त्याचं पुढं काय होणार आहे हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी जाताना तो बरोबर नेला असता.

सायलीचा सेट ह्या सगळ्यांहून निराळा होता, आणि तिला तोच हवा होता.

कारखान्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. ऑपरेटर मशीन चालवतो, म्हणजे जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) बसवतो, बटण दाबतो, झालेला पीस काढतो. सेटर मशीन लावून देतो. नवीन जॉब आला की कोणतं हत्यार कुठं, जॉब कसा धरायचा, किती खोल कापायचं, हे सगळं तो ठरवतो आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करून पुढच्या मशीनकडं जातो. ऑपरेटर एका जागी उभा असतो, सेटर हिंडतो. सायली आयटीआय करून चार वर्षं एका जागी उभी होती आणि आता तिला हिंडायचं होतं. त्या कारखान्यात बाई सेटर कधी झाली नव्हती. होऊ नये असं कुणी म्हणत नव्हतं, पण व्हावी असंही आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

यंदा जागा रिकामी होणार होती. जुने सेटर कडूबा दिवाळीला निवृत्त होत होते. त्यांना सगळे मामा म्हणत. सायलीनं स्वतः जाऊन मॅनेजर राजकुमार सरांकडं ती जागा मागितली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि महिनाभराची ट्रायल दिली. "महिना संपला की बघू," ते म्हणाले. "जमलं तर तू. नाही जमलं तर वाळूजचा एक तयार सेटर त्यानंतरच्या सोमवारी जॉईन व्हायला बसलाय."

घरी हे कळल्यावर बद्रीनाथांनी ताटावरच सांगितलं, "त्या राजकुमार सायबाचा साडू आपल्या दुकानावर बसायला येतो. लावू का सेटिंग?"

"अण्णा, तुमी त्या साडूला चहा पाजा, पण माजं नाव काडू नका," सायली म्हणाली. "मी मशीन लावायला शिकायले. मशीनपुढं कुणाचा साडू चालत नाय."

बद्रीनाथांनी भाकरीचा तुकडा मोडला. पोरगी उद्धट आहे असं त्यांना वाटलं. ती खरं बोलते आहे असंही वाटलं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मामांनी तिला शिकवायला हातचं काही राखलं नाही. तसे जुने सेटर विद्या मुठीत धरून बसणारे. माप लिहून ठेवतील ते डायरीत, आणि डायरी कुलपात. मामांना डायरीच नव्हती. बत्तीस वर्षांची मापं डोक्यात होती आणि विचारलं की ते सांगत. पहिल्याच दिवशी सायलीनं एक पीस काढला, मोजला, बरोबर आला म्हणून खुशीत त्यांच्यापुढं धरला. "मामा, सेट झालं!"

मामांनी पीसकडं पाहिलंसुद्धा नाही. "पयला पीस कुणाचाबी बरा येतो बाई. शंभरावा पयल्यावानी आला की म्हनायचं सेट. तवर म्हनायचं, चालू हाय."

तो महिना तिनं ह्याच मापानं काढला. अठरा जॉब लावले आणि प्रत्येकाचा शंभरावा पीस स्वतः मोजला. अठराही पास झाले. ट्रायलचा शेवटचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येत होता, आणि आता आपल्याला कोण अडवतंय, असं सायलीला वाटायला लागलं होतं. तसं वाटण्याइतकं काम तिनं केलंही होतं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. मशीनं बंद होतात, जमीन धुतली जाते, मशीनांच्या दारांना झेंडूच्या माळा लागतात. मधल्या टेबलावर लाल कापड अंथरून त्यावर बोल्ट आवळायचे पाने, मोजायची मापं, हातोड्या, मशीनचे सुटे भाग असं सगळं मांडतात. नारळ मॅनेजरनं फोडायचा आणि हळदी-कुंकू शॉपमधल्या, म्हणजे मशीनखात्यातल्या, बाईनं लावायचं, ही तिथली रीत. बायका दोनच होत्या. दुसरी मेघा, ट्रायलपासून सायलीच्या मशीनवर तीच ऑपरेटर होती. ती दरवर्षी पेढ्यांचं ताट फिरवायची, आणि संध्याकाळची गाडी धरून आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. म्हणून कुंकवाचं काम चार वर्षं सायलीकडंच होतं.

तिथं कुंकू पाण्यात कालवत नसत. लोखंडाला पाणी नको, शिवाय सुकलं की गळून पडतं. मशीनच्याच तेलात कुंकू कालवायचं, म्हणजे चांगलं धरतं. सायलीनं वाटी घेतली आणि अनामिकेनं एकेका हत्याराला टिकली लावत टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. नंतर कुणी तरी फडकं घेऊन पुसायला लागला तर मामा खेकसले, "अय, पूजेचं कुंकू पुसत नसतात. आपसूक जातं ते."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला सायली आली तेव्हा टेबलावर शेवटच्या जॉबचं ड्रॉइंग ठेवलेलं होतं. एका गाडीच्या चाकामागं बसणारा हब, म्हणजे मधोमध भोक असलेली जाड चकती. चारशे नग, आणि दुपारी चार वाजता गाडी. अवघड काही नव्हतं.

लेथमध्ये जॉब धरणारी जी गोल मूठ असते तिला चक म्हणतात, आणि तिच्या तीन बोटांना जॉ. तीन जॉचाही एक सेटच असतो. प्रत्येक जॉच्या पाठीला बारीक दात असतात, ते चकवरच्या दातांत बसवून बोल्ट आवळायचे. मग तिन्ही जॉ मशीनवरच आतून थोडे खरवडून घ्यायचे, म्हणजे जॉब त्यांत बरोबर बसतो. सायलीनं पूजेच्या टेबलावरून जॉ उचलले. त्यांच्यावर कुंकवाच्या टिकल्या होत्या. तिनं त्या तशाच ठेवल्या, हवेच्या नळीनं धूळ उडवली, जॉ बसवले, आवळले, खरवडले. पहिला पीस काढला, तपासला. माप बरोबर. दहावा बरोबर. मेघा रात्रभर बसचा प्रवास करून थेट कामावर आली होती. डोळे लाल, पण हात नेहमीसारखा. सायलीनं मशीन तिच्या हवाली केलं आणि दुसऱ्या मशीनकडं गेली.

अकराच्या सुमाराला तपासणीच्या टेबलाकडून हाक आली.

ऐंशी पीस झाले होते. पहिले बत्तीस चोख होते. पुढचे हळूहळू बिघडत गेले होते आणि शेवटचा तर डायलच्या काट्याखाली फिरवला की काटा चाळीस मायक्रॉन डोलत होता. चाळीस मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मं. घरात एवढ्यानं काही बिघडत नाही. चाकामागं बिघडतं.

राजकुमार सर तिथंच उभे होते. त्यांनी काटा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मेघाकडं पाहिलं. "रात्रभर प्रवास करून यायचं आणि इथं पेंगत मशीन चालवायचं. जॉब बसवताना लोखंडाचा कीस झाडला नसणार. कीस अडकला की जॉब तिरका बसतो, हे शिकवायला पाहिजे का चार वर्षांनी?"

"सर, मी परत्येक पीसला हवा मारली," मेघा म्हणाली.

"ते मेमोच्या उत्तरात लिही." सर सायलीकडं वळले. "आणि तू काय बघत बसलीस? ऑफसेट मार, चाळीसचा फरक दे आणि चालू कर. चारला गाडी आहे."

ऑफसेट म्हणजे मशीनला आकडा देऊन हत्यार जरा पुढं-मागं करायचं. सोपं काम, दोन बटणांचं. मॅनेजर लोकांना ते फार आवडतं, कारण त्यात मशीन थांबत नाही. सायलीनं पीस हातात घेतला, चार ठिकाणी मोजला आणि मान हलवली.

"ऑफसेटनं जाणार नाय सर. ऑफसेट मारला तर सगळीकडं सारखं कमी व्हईल. हे एका बाजूला जाड हाय अन् दुसऱ्या बाजूला बारीक. अन् कीसबी नाय. कीस अडकला असता तर एखादा पीस बिघडला असता, पुढचा नीट आला असता. हे तर एकसारखं वाढत चाललंय. बूडच हललंय कुठंतरी. मला चक खोलावा लागंल."

"किती वेळ?"

"एक तास."

"आज तुझ्या ट्रायलचा शेवटचा दिवस आहे. लक्षात आहे ना?"

"म्हनूनच खोलायले सर."

सरांना हे उत्तर आवडलं नाही. पण उलटं बोलायला जागा नव्हती, म्हणून ते मेमो टाईप करायला सांगायला केबिनकडं गेले. मेघा भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या नोकरीचं ह्या वर्षी पक्कं व्हायचं होतं आणि मेमो लागला की ते वर्षभर पुढं जातं, हे शॉपमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सायलीनं मशीन बंद केलं आणि बोल्ट सैल केले. मामा येऊन शेजारी उभे राहिले, हात पाठीमागं बांधून. मदत करायची नाही, असं ट्रायलपुरतं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. पहिला जॉ निघाला, दात स्वच्छ. दुसराही स्वच्छ. तिसरा निघाला आणि त्याच्या पाठीमागून कूलंटचा, म्हणजे मशीन गार ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याचा ओघळ आला, तो गुलाबी होता.

तिनं जॉ उलटा केला. दातांच्या खाचांमध्ये काळपट लाल लगदा होता. निम्मा धुऊन गेलेला, निम्मा तसाच. तिनं नखानं उकरून पाहिला, बोटांत चोळला, आणि तिच्या लक्षात आलं.

कुंकू. तेलात कालवलेलं. पूजेच्या टेबलावर दोन जॉ सुलटे मांडले होते, आणि हा तिसरा पालथा पडला होता, पाठ वर करून. जे वर दिसलं त्याला तिनं टिकली लावली होती, भर घालून, चांगली ठसठशीत. सकाळी खरवडताना कुंकवाचा थर दातांखाली होता, तेव्हा सगळं बरोबर आलं. मग कूलंट दातांत झिरपत गेलं, कुंकू विरघळत निघालं आणि तो एक जॉ हळूहळू मागं बसत गेला. पीस बिघडत गेले ते असे. चार वर्षं ज्या मशीनला तिनं हात लावला त्याला इजा केली नव्हती, आणि शेवटच्या दिवशी बिघाड निघाला तो तिच्या स्वतःच्या अनामिकेचा.

मामांनीही पाहिलं. त्यांनी एकदा इकडं तिकडं नजर टाकली आणि खिशातलं फडकं काढून तिच्यापुढं धरलं.

"पुसून टाक," ते हळूच म्हणाले. "ब्रश मार, बसव, खरवड, चालू कर. कुनाला कळायलंय? सापडलं म्हनायचं काय तरी कीसबीस."

"मामा, परवा तुमीच म्हनले, पूजेचं कुंकू पुसू नये."

"ते टेबलावरचं. हे मशीनमदलं हाय." मामांचा आवाज आणखी खाली आला. "अय बाई, आइक माजं. तुजी जागा जाईल. अन् मीच पुसू दिलं नाय, म्हंजी माजंबी नाव त्यात येतंय. दिवाळीला चाललो मी. बत्तीस वर्सांत एक कागद नाय माज्या नावावर."

सायलीला त्यांचा राग आला नाही. ह्याच माणसानं तिला हातचं न राखता सगळं दिलं होतं. आता तो घाबरला होता, आणि त्याचं घाबरणं तिला दिसत होतं. तिलाही भीती वाटत होती. ही जागा तिला इतकी हवी होती की महिनाभर तिला स्वप्नंसुद्धा मापांची पडत होती. फडकं हातभर अंतरावर होतं. एकदा फिरवलं की संपलं. पण भिंतीशी मेघा उभी होती, आणि केबिनमध्ये तिचा मेमो टाईप होत होता.

"कीस म्हनलं की तो मेघाचा व्हतो मामा," सायली म्हणाली. "तुमचं नाव येनार नाय, माजं येईल. तुमी फकस्त गप ऱ्हावा."

तिनं फडकं घेतलं नाही. जॉ तसाच, लगद्यासकट, उचलला आणि केबिनमध्ये गेली. मामा दोन पावलं थांबले आणि मग तिच्या मागं गेले.

राजकुमार सरांच्या टेबलावर तिनं जॉ ठेवला, कागदावर गुलाबी डाग पडला. "सर, हे बघा. कुंकू हाय. परवा पूजेत मी लावलं. जॉ पालथा व्हता, मी बघितलं नाय. सकाळी बसवताना नुसती हवा मारली, ब्रश मारला नाय, तेबी मीच. मेघा तर पूजेच्या येळेला पेढे वाटत व्हती. तिचा यात काई संबंध नाय. मेमो थांबवा."

सरांनी जॉ उचलून पाहिला. मग खणातून दोषाचा छापील फॉर्म काढून तिच्यापुढं सरकवला. "भर. काय झालं, कारण, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. गिऱ्हाइकाचे लोक येऊन हे कागद तपासतात, तेव्हा नीट लिही."

सायलीनं उभ्या-उभ्याच लिहायला घेतलं. कारणाच्या जागी तिनं लिहिलं: जॉच्या दातांत कुंकू. सरांनी वरूनच वाचलं आणि पेन धरलेला तिचा हात थांबवला.

"कुंकू नको लिहू. बाहेरचा कण, असं लिही. गिऱ्हाइकाची माणसं जर्मनीहून येतात. त्यांना काय सांगू मी, कुंकू म्हणजे काय?"

"जे हाय ते सांगा. आमी मशीनची पूजा करतो, त्यात लाजायचं काय?" सायली म्हणाली. "कण लिवला तर पुढच्या दसऱ्याला हितं कुनाला काय कळनार सर? दुसरा कुनीतरी असाच जॉ पालथा मांडंल. कुंकू लिवलं तरच लोक बघतील."

मामा दारात उभे होते, ते खोकले. सरांनी हात काढून घेतला.

उपायाच्या जागी तिनं लिहिलं: पूजेत जॉ सुलटे मांडावेत. दातांना कुंकू लावू नये. बसवण्याआधी तिन्ही जॉच्या दातांना ब्रश मारावा, सण असो वा नसो. ऑपरेटरच्या रकान्यात मेघाचं नाव लिहून पुढं 'दोष नाही' असं लिहिलं. शेवटचा रकाना सेटरच्या नावाचा होता. तिथं तिनं स्वतःचं पूर्ण नाव घातलं, सायली बद्रीनाथ काकडे.

"इथं तुझं नाव येत नाही," सर म्हणाले. "तू ट्रायलवर आहेस. सेटर म्हणून कडूबांचं नाव लागतं. महिनाभर तसंच चाललंय ना?"

"महिनाभर बरुबर आलेल्या पीसवर मामांचं नाव लावलं सर. चुकलेल्या पीसवर नाय लावनार. त्यांनी बत्तीस वर्सं एक कागद येऊ दिला नाय."

"पण नियमानं ह्या रकान्यात सेटरचंच नाव चालतं."

"मग मला सेटर करा," सायली म्हणाली. "म्हंजी चालंल."

सरांनी चष्मा काढला. "चूक केलीस म्हणून बढती मागतेस?"

"चूक सापडवली म्हनून मागायले. अठरा जॉब लावले, त्याचे शंभर-शंभर पीस तुमी तपासलेत. हा एकोनिसावा. तुमी म्हनलात तसा ऑफसेट मारला असता तर चारला साडेतीनशेवर खराब पीस गाडीत बसले असते. वाळूजवाल्यानं काय केलं असतं ते तुमी ठरवा. मला आता जाऊ द्या, गाडीला चार तास ऱ्हायलेत."

तिनं परवानगीची वाट पाहिली नाही. जॉ उचलला आणि निघाली. दारात मामांनी तिला वाट दिली आणि मग ते एकदम सरांना म्हणाले, "सायेब, कुंकू पुसू नका म्हनून मीच वरडलो व्हतो. तेबी लिवा पायजे तर." एवढं म्हणून ते तिच्या मागोमाग शॉपमध्ये आले. मदत न करण्याचा नियम त्यांनी त्या दिवसापुरता गुंडाळून ठेवला आणि ब्रश हातात घेतला.

दात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तिन्ही जॉ बसवले, आवळले, नव्यानं खरवडले. साडेबाराला पहिला पीस निघाला. मेघानं डोळ्यांवर पाणी मारलं आणि मशीनचा ताबा घेतला. जाताना ती सायलीच्या खांद्याला कोपर लावून गेली. बिघडलेल्या अठ्ठेचाळीस पीसपैकी वीस दुरुस्त होण्यासारखे होते, ते दुसऱ्या मशीनवर चढवले. अठ्ठावीस भंगारात गेले. सायलीनं तो आकडाही स्वतःच्या हातानं फॉर्मवर लिहिला. पुन्हा पहिल्यापासून लावलेलं मशीन आता तिला पाठ झालं होतं आणि ते एका लयीत चालू होतं.

दोन वाजून गेल्यावर राजकुमार सर तपासणीच्या टेबलाशी आले. ते आपणहून आले म्हटल्यावर आजूबाजूची माणसं हातातलं काम न सोडता कान देऊन उभी राहिली. नव्या लावणीतला शंभरावा पीस त्यांनी स्वतः उचलला, डायलखाली ठेवला आणि सावकाश फिरवला. काटा हलला तो पाच मायक्रॉन. त्यांनी पीस काढला, उलटा ठेवला, परत फिरवला. तेवढाच.

चारच्या गाडीत दोनशे अडुसष्ट पीस गेले. एकशे बत्तीस कमी पडले, ते दुसऱ्या दिवशी पाठवायचे ठरलं आणि तसं गिऱ्हाइकाला फोनवर सांगायचं काम सरांनी स्वतःकडं घेतलं. आरडाओरडा झाला असावा, कारण फोन ठेवल्यावर त्यांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली. मग त्यांनी मेघाचा टाईप झालेला मेमो फाडला आणि दोषाचा फॉर्म पुढं ओढला. कारणातलं कुंकू तसंच होतं. सेटरचा रकानाही तसाच होता. त्यांनी दोन्ही वाचलं आणि कशालाही हात न लावता खाली सही ठोकली.

सायली समोर उभी होती. तिच्या मागं मामा. चार वर्षांत तिचं नाव त्या रकान्यात पहिल्यांदा आलं होतं, तेही तिच्याच चुकीसमोर. तरीही तिला ते वाचायला बरं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, असं एकदा मनात येऊन गेलं. पण वाटली नाही.

"सोमवारी नवा जॉब आहे," सर म्हणाले. त्यांनी कपाटातून गुंडाळी केलेलं ड्रॉइंग काढलं आणि टेबलावरून पुढं केलं.

मामांचा हात सवयीनं पुढं आला. बत्तीस वर्षं प्रत्येक ड्रॉइंग त्याच हातात पडलं होतं. हात अर्ध्यात थांबला, मामांनी तो मागं घेतला आणि टोपी सारखी केली. सायलीनं ड्रॉइंग घेतलं.